भाजणीसाठी नाक पाहिजे

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. बहुतेक वेळा तुम्ही तो मध्येच बंद केला असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेडिओवर, मोबाइलवर, सिनेमा सुरू होण्याआधीच्या काळोखात जो गृहस्थ साबण, सिमेंट आणि सांधेदुखीचं तेल एकाच जिव्हाळ्याने विकतो, तो मी. आमचं कात्रजचं घर त्या जिव्हाळ्यावरच चालतं.

खरं तर तो आवाजही धड माझा नाही. मी काचेच्या खोलीत उभा राहून बोलतो आणि निघून येतो. मग पलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट त्याच्यावर काम करतो. श्वास कापतो, ओठांची चपचप पुसतो, खालच्या बाजूला थोडी ऊब घालतो. शेवटी तो जे ऐकवतो, ते माझ्यापेक्षा पुष्कळ चांगल्या माणसाचं बोलणं असतं. "प्रोसेसिंग," तो म्हणतो. "कच्चा माल तुमचा, बाकी आमचं."

अशाच भाजून-दळून काढलेल्या आवाजात मी एकदा तयार भाजणीच्या पिठाची जाहिरात केली होती. 'आता भाजायची कटकट नाही. पाकीट फोडा, आईच्या हातची चकली तळा.' ती आमच्या आईने स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकली. तव्यावरची पोळी उलटली आणि मला विचारलं,

"कोणाच्या आईच्या?"

हे तिला वास येत होता तेव्हाचं. नंतर एका पावसाळ्यात तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. आम्हाला कळलं ते दुधामुळे. गॅसवर दूध करपून काळं झालं होतं, घरभर धूर, आणि शेजारीच आई वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाही येणार. आईने त्यावर एवढंच म्हटलं, "बरं झालं. तुमच्या लिफ्टच्या वासापासून सुटले."

आम्ही हसलो. पण दिवाळी जवळ आली तशी मला काळजी वाटायला लागली, कारण माळ्यावरची कढई खाली येईना.

ती लोखंडी कढई म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात जुनी व्यक्ती. वर्षातून एकदा, भाजणीसाठी उतरायची. काम झालं की आई तिला तेलाचा हात लावून वर्तमानपत्रात गुंडाळून परत वर पाठवायची. यंदा आईने माझ्या बायकोला सांगितलं, "अगं, ती कढई कुणाला तरी देऊन टाक. आणि दिवाळीला तुमचं ते पाकीट आणा."

'तुमचं' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई टोमणा मारते तेव्हा ती ठणठणीत असते. हा टोमणा नव्हता. ती खरंच पाकीट आणायला सांगत होती. भाजणी नाकाने भाजतात, नाक गेलं, विषय संपला. आणि मला एवढं नक्की ठाऊक होतं की यंदा कढई घराबाहेर गेली तर आई त्यानंतर गॅससमोर नुसती चहापुरती उभी राहील.

आम्ही पूर्वी स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. दिवसभर एसटीच्या गाड्यांची घरघर, डिझेलचा धूर आणि कंडक्टरांच्या आरोळ्या. वडील पिंपरीकडच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. तिथे गाड्यांचे सुटे भाग लालभडक होईपर्यंत तापवायचे आणि नेमक्या वेळी तेलात बुडवायचे. लाल रंगातसुद्धा बऱ्याच जाती असतात म्हणे. एक जात चुकली की तो भाग काचेसारखा ठिसूळ. त्यांच्या शर्टाला त्या तेलाचा वास कायमचा चिकटलेला. आई शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि म्हणायची, "तुमचं लोखंड नेसून आलात का?"

भाजणीच्या दिवशी मात्र बाजू उलटायची. कंपनीच्या बसमधून उतरून ते जिना चढायचे, दारातच थांबायचे, चपला काढायच्या आधी नाक वर करायचे आणि न्यायाधीशासारखे सांगायचे, "उडीद झाला. उतरव. नाहीतर माझ्या भट्टीत पाठवून दे." आई लगेच कढई उतरवायची. मला वाटायचं, ही त्यांची थट्टा आहे. नवरा-बायकोंची असते तशी, दर दिवाळीला तीच. ते गेल्यानंतर मला त्या थट्टेची आठवण यायची, कारखान्याची नाही.

तर मी स्टुलावर चढलो, कढई खाली काढली, वर्तमानपत्र सोडलं आणि ओट्यावर ठेवली.

"तू भाज. वास मी सांगतो."

"तू?" आई म्हणाली. "तू सिमेंटलासुद्धा मायेचा ओलावा आहे म्हणून सांगतोस."

"त्याचे पैसे मिळतात. हे फुकट आहे, म्हणजे खरं सांगेन."

तिने कढईच्या काठावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, ते पदराला पुसलं. "धुऊन वाळवलेले तांदूळ लागतात," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत जुन्या धोतराच्या तुकड्यावर तांदूळ पसरलेले होते. मी त्यावर काही बोललो नाही. मला गप्प बसता येतं, फक्त ते फार जणांनी पाहिलेलं नाही.

भाजायला सुरुवात तांदळापासून. आच मंद, आईचा उलथणं धरलेला हात एका लयीत, आणि मी कढईवर वाकलेला.

"काय येतोय?"

मी डोळे मिटले. "आई, जणू एखाद्या गावाबाहेर, कोवळ्या उन्हात, पिकलेल्या शेताच्या..."

"नाटक नको. वास सांग."

"कोरडा."

"आणि?"

"सुती कपड्याला इस्त्री करताना येतो तसा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हं. मग अजून थोडं." हात फिरत राहिला. "आता?"

"आता चुरमुऱ्यांच्या दुकानातला."

"उतरवते."

मला जे काही झालं, ते सांगतो. शाळेत बक्षीस मिळालं होतं तेव्हाही एवढं झालं नव्हतं. आयुष्यभर शब्दांना वास फासून विकत आलो, आणि इथे उलटा कारभार. वास आधी, शब्द मागून, आणि शब्द चुकला तर डाळ जळणार. मी अगदी रंगात आलो. हरभऱ्याची डाळ कढईत पडली तसा मी तिच्यावर आणखी वाकलो आणि बोलत सुटलो. ओल्या पोत्याचा, मग गरम मातीचा, मग फुटाण्यांचा.

"आता?"

"फुटाण्यांचा."

"अजून फुटाण्यांचाच?"

"तोच. काही फरक नाही."

आईने कढईत निरखून पाहिलं. घाईने डाळ परातीत ओतली. मग गॅस बारीक करून म्हणाली, "तू आता बाहेर जा."

"का? मी काय केलं?"

"तुझं नाक बसलंय. कढईजवळ उभं राहिलं की सगळ्यांचं बसतं. माझंही बसायचं." तिने उडदाची डाळ मोजून घेतली. "म्हणून तर तुझ्या बाबांची बस यायच्या बेतानेच मी उडीद टाकायची. बाहेरून आलेल्या माणसाला खरं कळतं. दाराबाहेर जा, जरा हवा खा. मी हाक मारली की आत ये. पाहुण्यासारखा ये."

मी उलथण्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं ज्याला मी थट्टा समजत होतो ती कामाची पद्धत होती. दोन माणसांची. एकाने ढवळायचं आणि एकाने जिना चढून यायचं.

"जातोस ना?"

गेलो. आणि एंट्रीची वाट बघत मी माझ्याच बंद दाराबाहेर, घरातल्या कपड्यांत, ताठ उभा राहिलो. हौशी रंगभूमीवर मी पुष्कळ एंट्र्या घेतल्यात, पण विंगेत उभं राहून एवढी धडधड कधी झाली नव्हती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आले. निवृत्त माणूस, लिफ्टवर विश्वास नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काढलं का घरातून?"

"नाही हो. एंट्रीची वाट बघतोय."

"अजून नाटकं चालू आहेत म्हणजे." ते पुढे निघाले, दोन पायऱ्या चढले, थांबले आणि नाक वर केलं. "अहो, उडीद आहे का आत? लागेल हं."

आतून आईचा आवाज आला. "कोण आहे रे? त्यांना विचार, झालाय का!"

"झालाय म्हणावं," आजोबा म्हणाले. "अगदी झालाय."

मी दार ढकलून आत गेलो. पहिलाच श्वास. "भाजलेला पापड."

आईने कढई उतरवली. दाराकडे पाहत होती ती, माझ्याकडे की माझ्या मागे कुठे ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "आता मूग. परत जा."

मुगाला मी गेलो, पोह्यांना गेलो. धन्यांना आत आलो तेव्हा लिंबाची साल चिरल्यासारखा वास होता. जिऱ्याला तर दार उघडायच्या आधीच ओरडून सांगितलं. आजोबा प्रत्येक वेळी काही ना काही विसरून खाली-वर करत होते.

दुपारी भाजणीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. निघताना आईने बजावलं, "तांदळावर दळून आण. गव्हावर नको." दगडात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच. गव्हाचं राहिलं तर चकली चिवट होते, तांदळाचं राहिलं तर चालतं. गिरणीवाल्या मावशींच्या भुवया पांढऱ्या, डोक्याला फडकं.

"भाजणी आहे. तांदळावर द्या."

"तांदूळ सकाळी होऊन गेला. आता सगळा गहू."

"मग?"

"उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी माझं रेकॉर्डिंग आहे."

"मग तांदूळ आणा," त्या म्हणाल्या आणि पट्टा सरकवायला वळल्या.

त्यांनी ते गमतीत म्हटलं असेल. मी शेजारच्या दुकानातून पिशवीभर तांदूळ आणला, तो दळून घेतला आणि त्याच्यावर भाजणी दळली. रांगेतल्या बायका माझ्याकडे दयेने पाहत होत्या. घरी आलो तर आईने दुसरी पिशवी उघडून विचारलं, "हे एवढं तांदळाचं पीठ कशाला?" मी सांगितलं. ती ओट्याला हात टेकून हसली. तापानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "खा आता वर्षभर घावन," ती म्हणाली.

संध्याकाळी बायको लोणी काळभोरच्या कॉलेजातून शिकवून परत आली तेव्हा पीठ मळून झालं होतं. सोऱ्या मी फिरवत होतो, तेलासमोर आई. तळणाला तिला नाक लागत नाही, कान लागतो. तेलाची चुरचुर मंदावली की ती चकली काढते. पहिली चकली थोडी निवल्यावर तिने मोडली. कट्टकन मोडली. अर्धी स्वतः खाल्ली. "मला मीठ आणि तिखट कळतंय. बाकीचं तुम्ही सांगा."

बायकोने खाल्ली. "आई, काय सुंदर झालीय."

"तू नेहमीच म्हणतेस. हा काय म्हणतो?"

मी खाल्ली. खुसखुशीत होती, जिरं जागच्या जागी होतं, उडीद बरोबर होता. आणि गिळता गिळता मागून एक बारीकसा करपट वास आला. माझा धंद्याचा आवाज घशापाशी तयार उभा होता. श्वास कापलेला, ऊब घातलेला. कढई ओट्यावर, अजून गुंडाळलेली नव्हती. बायको माझ्याकडे अशी बघत होती की नवऱ्याने यापुढे एक शब्दही वाकडा बोलू नये.

"शेवटी जरा करपट लागतेय," मी म्हणालो.

बायकोने डोळे मिटले.

"कुठे? जिभेवर?"

"नाही, घशात. मागे."

"हरभऱ्याची डाळ," आई म्हणाली आणि पुढची चकली तेलात सोडली. "कढईतच लाल दिसली मला. बघत होते, सांगतोस का." मग झाऱ्याने चकली उलटत, माझ्याकडे न बघता, "पुढच्या वर्षी हरभऱ्याच्या आधीच बाहेर जात जा. तिथपर्यंत थांबू नकोस."

तळण संपल्यावर तिने कढई पुसली, तेलाचा हात लावला, आजच्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी स्टुलावर चढलो. मी वर असतानाच तिने एका ताटलीत चकल्या काढून त्यावर रुमाल घातला.

"उतरलास की हे वरच्या आजोबांना देऊन ये. म्हणावं, हरभरा थोडा लागलाय. उडीद मात्र तुम्ही सांगितलात तसाच उतरवला."