अण्णांच्या स्प्रेच्या बाटलीतलं पाणी

अण्णांना फसवलं ते मी. पण एकटीनं नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून दादाचं स्टेटस दिसतंय, 'वडिलांची सेवा करण्याचं भाग्य लाभलं.' खाली हात जोडलेल्यांची रांग. म्हणून लिहितेय.

माझे वडील तासगावकडचे, द्राक्षबागवाले. बेदाणा करायचे. तंबाखू सोडा, आयुष्यात कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. आम्ही जैन. सूर्य मावळला की अण्णांचं जेवण बंद, पाणीही बंद. लग्नाआधी घेतलेला नियम. त्यात सूट फक्त औषधाला.

त्या माणसाला घशाचा कॅन्सर निघाला.

"मी असं काय खाल्लं गं?" एकदाच विचारलं त्यांनी. परत कधी नाही.

सांगलीत माझ्या विश्रामबागच्या फ्लॅटवर राहून रेडिएशन घेतलं. गाठ गेली. आणि लाळही गेली.

डॉक्टरांनी आधी समजावलं होतं. लाळेच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. एका बाजूच्या वाचवायचा प्रयत्न करू. थोडी लाळ परत येईल, पण वर्ष-दीड वर्ष धरून चाला. तोवर घोट घोट पाणी पीत राहायचं, नाहीतर दात जातील.

दिवसा पाण्याची बाटली हातात असायची. दिवेलागणीला अण्णा ती स्वतः बाजूला ठेवायचे.

मग जीभ टाळूला चिकटायची. बोलता यायचं नाही, खुणा करायचे. सकाळी उठले की ओठ फाटलेले.

आईनं विनवण्या केल्या. मी भांडले. ते नुसती मान हलवायचे.

मग डॉक्टरांनी कृत्रिम लाळेचा स्प्रे लिहून दिला. औषध आहे म्हटल्यावर अण्णांनी घेतला. पण दोन-तीनदा मारून काय होतंय? सारखा मारावा लागायचा, बाटली चार दिवसांत संपायची. एकदा तर अख्ख्या सांगलीत मिळाली नाही.

दादा तेव्हा रोज गावाहून यायचा. तो म्हणाला, "रिकाम्या बाटलीत उकळलेलं पाणी भर. औषध म्हणून दे. त्यांना काय कळतंय?"

मी भरलं. मी कॉलेजवर शिकवायला गेले की दादा भरायचा.

नवीन स्प्रे मिळेपर्यंतच, असं ठरलं होतं. पण अण्णा संध्याकाळचे बोलायला लागले. आईला म्हणाले, ह्या औषधाला गुण आहे. आम्ही चालूच ठेवलं. चार महिने.

एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले तेव्हा मी पातेल्यातून बाटली भरत होते.

"पाणी हाय हे?"

मी हो म्हणाले.

"कवापासनं?"

तेही सांगितलं.

ओरडले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. दादा तिथंच होता. त्याला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"न्हाई, अण्णा."

दादा मोबाईलमध्ये बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

मग अण्णा मला म्हणाले, "मला इचारायचं व्हतंस. नेम मोडला असता मी. पर माझ्या हातानं मोडला असता."

दुसऱ्याच दिवशी ते गावी गेले. आणि त्या दिवसापासून अंधार पडल्यावरही पाणी प्यायला लागले. उघड, सगळ्यांसमोर. म्हणजे खरंच मोडला असता. मी विचारलंच नव्हतं.

लाळ हळूहळू आली. दीड वर्षानं कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळता यायला लागली. आई त्या दिवशी रडली. अण्णांनी नियम परत सुरू केला.

पण माझ्या हातचं पाणी नाही घेतलं. गावी गेले की मी तांब्या पुढं करायचे. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." दादाच्या हातून घ्यायचे.

पर्युषण संपलं की आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. अण्णांनी मलाही हात जोडले, शेजाऱ्यांना जोडतात तसेच. दुसऱ्या दिवशी परत, "ऱ्हाऊ दे."

मी दादाचं नाव कधी सांगितलं नाही. आजारातून उठलेल्या माणसाला घरात एक तरी विश्वासाचं माणूस असू दे, असं वाटायचं.

मागच्या वर्षी बागेतून घरी येताना हार्ट अटॅक आला, त्यातच गेले. कॅन्सर परत आला नव्हता.

आठवड्यानं आई बोलली. दादाचंही अण्णांना माहीत होतं. त्याला बाटली भरताना तिनं पाहिलं होतं, आणि गावी परतल्या दिवशी तिनंच सांगितलं होतं. तेव्हा तिला म्हणाले होते, "दोघांच्या हातचं सोडलं तर प्याचं कुणाच्या हातचं? पोरगी सोसंल. त्याला न्हाई सोसायचं."

आई हे मला कौतुकानं सांगत होती. बघ, तुझ्यावर किती भरवसा होता.

अण्णा, मी सोसलं हो. पण एखादी सोसते म्हणून तिच्याच अंगावर टाकायचं? मरायच्या आधी एकदा तरी म्हणायचं होतं, मला माहीत आहे म्हणून.

दादा, खाली कमेंट करू नकोस. मी घरी येते, आईसमोर बोल.

अण्णा, भावपूर्ण वगैरे आज लिहवत नाही. राग आहे अजून, आणि आठवण रोज येते.

नमस्कार करते.