भीमराजच्या नावावरचं नेट

बेलापूरच्या सीमाच्या घरी कम्प्युटर आला तो भावाकडून. सम्राट संगमनेरच्या एका कॉलेजात नोकरीला. मोडीत निघालेलं मशीन त्याने घेतलं, त्यात विंडोजऐवजी फुकटची लिनक्स घातली आणि बहिणीच्या बाहेरच्या खोलीत मांडून दिलं.

"ताई, मुख्य नाव तुझंच टाकतो. काही बदलायचं तर त्याच नावाचा पासवर्ड लागतो."

"यांचं टाक," सीमा म्हणाली. गॅस, मीटर, घरपट्टी सगळं नवऱ्याच्या नावावर; हेच तेवढं आपल्या नावावर कसं दिसेल? भीमराज मुख्य झाला, सीमाचं नाव दुसरं, साधं.

वायफाय जोडताना सम्राटने पुन्हा विचारलं, "हे सगळ्यांसाठी खुलं ठेवू? इथं नुसती खूण करायची. नाहीतर दाजींनी उघडल्यावरच नेट लागेल."

भीमराज शेजारीच उभा होता. "नको," ती म्हणाली, "हे सकाळी लावून देतील, मग मी बसेन."

तसंच चाललं. श्रीरामपूरला गोदामावर जाण्याआधी भीमराज आपल्या नावाने मशीन उघडून नेट लावून द्यायचा. मागून सीमा आपल्या नावाने बसून टायपिंगचा सराव करायची. पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम होतं. परीक्षा एकदाच, अकरा वाजता, तीही कम्प्युटरवरच.

परीक्षेच्या दिवशी दहाच्या सुमारास वीज गेली नि आली. मशीन नव्याने सुरू झालं. सीमाने आपलं नाव उघडलं तर नेट नाही. मोबाईलचं नेट जोडायला गेली, तर मुख्य माणसाचा पासवर्ड मागितला.

"दाजींना विचार ताई, पासवर्ड त्यांनीच टाकलाय, माझ्या हातात काही नाही," सम्राट फोनवर म्हणाला.

तिने भीमराजला फोन लावला.

"अहो, कम्प्युटरचा पासवर्ड सांगता का?"

"फोनवर पासवर्ड सांगत्यात का? इथं चार मानसं उभी हायेत."

"बाजूला जाऊन सांगा. परीक्षा आहे माझी."

"तोच माझ्या मोबाईलचा बी हाय. संध्याकाळी येतो, लावून देतो."

"संध्याकाळी काय करू त्याचं?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, त्याने उचलला नाही.

"कुनाशी भांडतीस गं?" सासू भागिरथीबाई आतून म्हणाल्या. "त्या डब्यापायी वरणाला फोडनी दिली न्हाई अजून."

अकरा वाजले. सीमाने गॅस पेटवला.

संध्याकाळी भीमराजने आल्या आल्या मशीन उघडलं. नेट लागलं.

"हे बघ, चालतंय की! कुठं काय बिघडलंय?"

"'सगळ्यांसाठी' अशी एक खूण आहे बघा तिथं. तेवढी करता?"

"आता कशाला? परीक्षा तर गेली ना." तो क्रिकेट लावून बसला. "आन मी हायच की रोज."

सीमाच्या मोबाईलवर मेसेज आला. उमेदवार गैरहजर, पुन्हा संधी नाही.

"काय गं आलं?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"जाहिरात," ती म्हणाली आणि पिठात पाणी घातलं.