मागचे अण्णा

अण्णांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. म्हसळ्यात गॅरेज टाकून त्यांची हयात गेली, पुण्या-मुंबईचे हौशी लोक लाखालाखांच्या गाड्या घेऊन त्यांच्या दारात रांग लावायचे, आणि हा माणूस गाडी एका जागेवरून दुसरीकडे न्यायची झाली तरी हँडल धरून ढकलत न्यायचा. गाडी तपासायची म्हणजे मालकाने चालवायची आणि अण्णांनी मागे बसायचं, तेही डोळे मिटून. म्हणून सगळे त्यांना मागचे अण्णा म्हणत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फार तोऱ्यात होतो. हरिहरेश्वरला माझं छोटंसं लॉज आहे. पाहुण्यांचा राबता शनिवार-रविवारी, त्यामुळे आमची सुट्टी सोमवारची. गाडी साडेतीनशे सीसीची, बुटकी आणि ऐसपैस, आणि मी तिला नवरीसारखी सजवली होती. घुमणारा सायलेन्सर, रुंद हँडल, पुढे जाड लोखंडी गार्ड, दोन्ही बाजूंना पेट्या. एवढं करून गाडी चढाला दमत होती. "अण्णा, पिकअप वाढवून द्या," मी म्हणालो. पान्याला हातही न लावता ते मागे बसले. "चला," म्हणाले, "आनि मी हाय हे इसरा."

गावाबाहेरच्या चढापर्यंत जाऊन आलो. अण्णा उतरले आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "वयनी बसतात?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्यांनी. सुजाता, माझी बायको, वर्षभरापासून गाडीवर बसली नव्हती. गाद्या उचलताना तिच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, पण हादरे नकोत. त्याआधी प्रत्येक सोमवारी आम्ही दोघं निघायचो, दिवेआगर म्हणू नका, मुरूड म्हणू नका. आता ती म्हणायची, "तुम्ही जाऊन या." मी जायचो, एकटाच चहा प्यायचो आणि परत यायचो. लोकांना मी नव्या सायलेन्सरचं कौतुक सांगायचो, पण खरं सांगायचं तर ती मागे नसताना मला त्या गाडीचं काही गोड लागत नव्हतं. ती परत बसेल का, हे तिला विचारायचीसुद्धा मला भीती वाटायची.

हे सगळं मी अण्णांना का सांगितलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी कदी बसलाव मागं?"

"माझीच गाडी, मी कशाला मागं बसू?"

"मंग तुमाला काय इचारू? वयनींना घेऊन या. एष्टीनं आणा."

पुढच्या सोमवारी सुजाता आली. अण्णांनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, तिला मागच्या सीटवर बसवलं आणि आतून अण्णांच्या बायकोने, काकींनी, वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून तिच्या हातात दिलं. "सोला निवांत," अण्णा म्हणाले. मला वाटलं थट्टा चालली आहे. पण हीच त्यांची रीत होती. "पयल्या पाच मिनटांत समद्या सीटा चांगल्या वाटतात, भाऊ. मानूस दमला की मंग त्याचं शरीर खरं बोलतं." ते दुसऱ्या गाडीचं काम करता करता तिरप्या नजरेने बघत होते. ती कुठे सरकते, कुठला पाय आधी हलवते, पाठ कुठे टेकू बघते. मधूनच उठून सीटवर खडूने रेघ मारायचे.

अर्धं सूप सोलून झाल्यावर सुजाता बोलायला लागली. पाठीचं दुखणं नंतरचं, पण तिचे पाय त्याआधीही बधिर व्हायचे. सायलेन्सरने डोकं उठायचं. पेट्यांमुळे गुडघे अवघडायचे. मी थक्क झालो. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

अण्णा खाली मान घालून कानस घासत राहिले. मला त्या क्षणी गाडीखाली जाऊन लपावंसं वाटलं.

तिथेच कळलं की सुजाता माहेरी भावाची मोटारसायकल चालवायची. अण्णांचे डोळे चमकले. "मंग एकदा वयनी पुढं, तुमी मागं. समदं समजंल." मी हसून उडवून लावलं. म्हटलं, "हरिहरेश्वरात राहायचंय मला अण्णा, लोक काय म्हणतील?"

"आदी काढू, मंग घालू," हे अण्णांचं आणखी एक पालुपद. माझी निम्मी सजावट त्यांनी काढून कोपऱ्यात टाकली. मूळचा सायलेन्सर परत बसवला. चेनचं पुढचं चक्र एका दात्याने मोठं घातलं, म्हणजे रस्त्यावर इंजिन शांत चालेल. मागे हादरे झेलणारे चांगले गॅसचे शॉकअप टाकले आणि सुजाताच्या वजनाला बेतून त्यांच्या खाचा लावल्या. फुटरेस्ट खाली आणि जरा पुढे घेतले, हँडल मागे ओढलं. सीट तर त्यांनी दोनदा उसवली. खाली घट्ट फोम, वर मऊ, खडूच्या रेघांवरून कोरलेला खोलगट भाग, आणि मागे पाठीला टेकू. पिकअपचं विचारलं तर म्हणाले, "तेवडं लोखंड उतरवलंय. आता बघा कशी चढते." चढली की! पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे तिसऱ्यात आरामात चढली.

आमची एक जुनी खूण होती. थांबायचं असलं की सुजाता माझ्या खांद्यावर टपली मारायची; का थांबायचं, ते मी कधी विचारलं नव्हतं. काम पुरं झालं त्या दिवशी आम्ही दोघं म्हसळ्याहून निघालो आणि मी सबंध रस्ताभर त्या टपलीची वाट बघत होतो. प्रत्येक खड्ड्याला खांदा आखडून घेत होतो. टपली आलीच नाही. हरिहरेश्वरची कमान दिसली तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात आलो?" मला रडू येत होतं, हेल्मेटने अब्रू वाचवली.

पुढची दोन वर्षं आमचे सोमवार परत आमचे झाले. दर दोन महिन्यांनी म्हसळ्याला फेरी व्हायची आणि अण्णा दर वेळी विचारायचे, "बसलाव का मागं?" मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचो. मग अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. माणगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आम्ही भेटायला गेलो त्याच दिवशी त्यांना घरी सोडलं. त्यांच्या मुलाने जीप आणली होती, पण अण्णा अडून बसले, "भाऊंच्या गाडीवरनं जातो." डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. सुजाता आपणहून जीपमध्ये जाऊन बसली.

मी आयुष्यात एवढी हळू गाडी चालवली नाही. घाट उतरल्यावर न राहवून मी विचारलं, "अण्णा, तुम्ही चालवायला का नाही शिकलात?"

"शिकलो असतो तर मी पन पुढंच बसलो असतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "डावा फुटरेस ढिला झालाय. वयनींच्या पायाला कळ येत आसंल." घरी उतरताना माझा दंड धरून त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी नेहमीसारखा हसलो. ते हसले नाहीत. "बसा एकदा. मी हाय तवर बसा, म्हंजे काय कमी पडलं तर करून देतो."

मी बसलो नाही. अण्णा महिन्याभराने गेले.

तेराव्याला गेलो होतो. निघताना काकींनी वालाची पिशवी सुजाताच्या हातात दिली आणि दोघी रडल्या. गॅरेजला कुलूप होतं. गाडीजवळ आल्यावर सुजाताने हात पुढे केला. "चावी द्या."

मी दिली. भर बाजारात, ओळखीच्या चार दुकानदारांसमोर, बायकोच्या मागे बसलो.

गाडी तिने झोकात काढली. मला मात्र नीट बसताच येईना. तो खोलगट भाग मला अरुंद होता, फुटरेस्ट जवळ पडत होते, पाठीचा टेकू भलत्याच ठिकाणी लागत होता. त्या जागेचा बोटभर कोपरासुद्धा माझ्यासाठी केलेला नव्हता. दोन वर्षं मी जिला माझी गाडी म्हणत होतो, तिच्यावर अण्णांनी सुजाताची एक जागा कायमची करून ठेवली होती. मी डोळे मिटले. खड्डा आला, पाठीला हिसका बसला, आणि ती इतकी वर्षं काय सोसत आली ते पहिल्यांदा अंगाला कळलं. आपोआप माझा हात तिच्या खांद्यावर गेला.

तिने गाडी बाजूला घेतली. "दुखलं का?"

"नाही," मी म्हणालो. "चल तू. अण्णांना सांगायचं होतं, बसलो म्हणून."