लिंबाखालची दोन बाजांची जागा

बाळांनो, मागच्या मे महिन्यात तुम्ही आलात, ते आमच्या नव्या चारमजली इमारतीत. आपलं बैठं घर आणि शेजारची दोन घरं पाडून बीडमध्ये ती उभी राहिली. आपल्या अंगणातला कडुलिंब तेवढा राहिला.

जुन्या अंगणात दिवेलागणीला सडा मारायचा, माती पाणी पिऊन गार व्हायची, मग झोपायला बाजा टाकायच्या. त्याच सवयीनं मी तुमच्यासाठी गच्चीवर पाणी मारलं आणि लगेच गाद्या घातल्या. दिवसभर तापलेल्या स्लॅबमधून वाफ उठली. धाकट्याची पाठ घामोळ्यांनी भरली. जाताना तो शहाण्यासारखा म्हणाला, "आजी, आता आम्ही दिवाळीतच येऊ."

खालच्या मजल्यावरची, मूळची पाटोद्याची शेजारीण हसली होती. "काकू, तव्यावर पाणी मारलं की तुमी."

मी हसले, पण धाकट्याचं बोलणं मनातून जाईना. उन्हाळ्याची सुट्टी गेली, तर तुम्ही मला असे कितीसे भेटणार?

यंदा पार्किंगसाठी अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसवायचं ठरलं. बैठकीत मी म्हटलं, "लिंबाखालची माती राहू द्या."

शेजारणीचे यजमान म्हणाले, "काकू, चिखल होतोय. गाड्या कुठं लावायच्या?"

"तुमची गाडी लिंबाखालून कदी हालती का?" शेजारीण मागून म्हणाली. "बुडाला पाणी न्हाई मिळालं तर लिंब वाळंल. मग गाडीवर काय मी पदर धरू?"

सगळे हसले. यजमानही हसले आणि म्हणाले, "ठिवा मग. घरात ऱ्हायचंय मला."

बुंध्याशी दोन बाजा मावतील एवढी माती राहिली; त्यांची गाडी तिच्या कडेला ब्लॉकवर, पण सावलीतच असते. बाकी अंगणात संध्याकाळीही चपलेशिवाय चालवत नाही. वरच्या खोल्या तशाच तापतात. तिथं माझा इलाज नाही.

काल ऊन कलल्यावर मी सडा मारला. माती सुकेपर्यंत थांबले, मग बाज टाकली. शेजारीण तांब्या घेऊन आली आणि न विचारता बाजेच्या पायथ्याशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "इथं बरं हाय, काकू."

दुसरी बाज मी विणायला दिली आहे. दिवाळीत या, पण मे महिन्यातही या. धाकट्याला सांगा, या वेळी पाणी मातीवर मारलं आहे.