मनगटावरचा वेढा

चहा पिऊन झाला की कप खाली ठेवायच्या आधीच चाचा पिशवीतून दोरी काढायचे. नायलॉनच्या जाड दोरीचे दोन वेढे डाव्या मनगटाभोवती घ्यायचे, टोक दातात धरून गाठ आवळायची आणि म्हणायचे, "एकदा बांधलं की काळजी न्हाई."

मग ती दोरी आणि गळाची पिशवी घेऊन उतारानं पाण्याकडे जायचे. घरून निघालेला माणूस खिशाला हात लावून किल्ली बघतो ना, तसे ते वाटेत दोनदा गाठ चाचपायचे.

मुळा धरणाच्या रस्त्याला माशाच्या खानावळी आहेत, तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या एकीत मी भाकरी करते. माझ्या गळ्यात माळ आहे, मी मासा शिवत नाही. पण भाकरी कुणाच्या ताटात जाते हे भाकरी करणारीनं कशाला बघायचं? माझी चूल मागच्या पडवीत, धरणाकडे तोंड करून आहे. तिथून सगळं पाणी दिसतं आणि गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नाही. मला ते बरं पडतं.

चाचा आमच्या खानावळीला मासा देत. वय साठीचं, अंगानं इतके वाळके की शेठ, म्हणजे आमचे मालक, त्यांना म्हणायचे, "चाचा, वजनकाट्यावर बसू नका. कुनीतरी कटला माशाच्या भावात घेऊन जाईल."

"जाऊ द्या की शेठ. पर आधी खवलं काढावी लागत्याल," चाचा म्हणायचे.

त्यांची मासे धरायची रीत इतरांसारखी नव्हती. बाकीचे लोक जाळं टाकून घरी येत. चाचा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जात. थर्माकोलचे मोठे तुकडे, वरून खताच्या गोण्या शिवलेल्या, त्यावर एका माणसापुरती जागा. मधोमध पाण्यात जाऊन ते दोरीच्या दुसऱ्या टोकाला गळ बांधून सोडत आणि आडवे होत. डोळ्यांवर टोपी ओढून चक्क झोपत. मासा लागला की मनगटाला हिसका बसे.

आता कुणीही म्हणेल, मोठा मासा लागला तर माणूस पाण्यात ओढला जाईल. पण तसं व्हायचं नाही. तराफा हलका, माणूस हलका. मासा जिकडे ओढेल तिकडे सगळं मिळून चालायला लागायचं. चाचा बैलाला बोलावं तसं तराफ्याला बोलायचे, "चल की रं. चल की." मासा पळून पळून दमायचा आणि चाचा बसल्या बसल्या त्याला जवळ घ्यायचे. कधी कधी तोवर ते पार पलीकडच्या काठाला लागलेले असत.

पलीकडे लागले की ते वाळल्या गवताचा जाळ करत. धूर निघे. चाची माझ्या चुलीजवळच्या पायरीवर येऊन बसलेली असायची, कारण तिथून तो काठ दिसतो. धूर दिसला की ती उठायची. "लागले काठाला," एवढंच म्हणून घरी स्वयंपाकाला जायची.

मी मासा खात नाही म्हणून चाचा माझ्यासाठी पलीकडून काहीतरी आणायचे. बोरं आणली तर मला कळायचं, आज माशानं उगवतीकडे नेलं. चिंचा आणल्या तर देवळाच्या बाजूला. एकदा नुसती ओली माती लागलेली काकडी आणून ठेवली आणि म्हणाले, "अक्का, आज मासा लई लांब घेऊन गेल्ता. नाव इचारलं न्हाई गावाचं."

त्यांच्या मनगटावर एक खूण होती. वेढ्याच्या जागी केस उगवत नसत. कातडी पांढरी, गुळगुळीत. घड्याळ काढल्यावर दिसते तशी, पण चाचांनी कधी घड्याळ घातलं नव्हतं. ती खूण पाहिली की माझा हात थांबायचा. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे. लहान असताना मी गाईचं दावं हाताला गुंडाळून उभी होते. गाय कशाला तरी बुजली आणि मला बांधावरून फरफटत घेऊन गेली. आमच्याकडे कुठल्याही पोरीला विचारा, जनावराचं दावं हातात धरायचं, हाताला गुंडाळायचं नाही. मला ते उशिरा शिकवलं, एवढंच.

एकदा मी चाचांना ते बोट दाखवलं. मी फार बोलत नाही, त्यामुळे तेही जरा चकित झाले.

"चाचा, असं हाताला बांधू नका."

त्यांनी बोट नीट पाहिलं. मग हसून म्हणाले, "अक्का, तू जमिनीवर उभी हुतीस. जमीन काय गाईसंगं चालत न्हाई. मी पान्यावर असतो. मासा चालला की मी बी चालतो."

मला उत्तर पटलं. भाकरी थापताना मी ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं, तरी पटलं. म्हणूनच मला ते अजून आठवतं.

समुद्राची गोष्ट मोबाइलमधून आली. शेठना आणि त्यांच्या दोन मित्रांना, एक ट्रॅक्टरचा मेकॅनिक आणि एक रसवंतीवाला, मासे धरायचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. कोकणात बोट भाड्यानं मिळते, खोल समुद्रात नेतात, चार दिवस तिथंच खायचं, तिथंच झोपायचं, माणसाएवढे मासे लागतात. दिवाळीची गर्दी उतरली की जायचं ठरलं. चाचांना घेऊन जायचंच, हे शेठनी ठरवलं. चाचांनी समुद्र पाहिला नव्हता.

"भ्या वाटतं का चाचा?" मेकॅनिक चिडवायचा.

"कशाचं? पानी म्हंजी पानी."

"खारं हाय ते."

"मग मासा अळणी लागायचा न्हाई," चाचा म्हणाले.

निघायच्या दिवशी ते माझ्या चुलीपाशी आले. नवी दोरी घेतली होती, आधीच्यापेक्षा जाड, हिरवी. तिचा वास सगळ्या पडवीत पसरला. मला म्हणाले, "अक्का, पलीकडच्या काठावरनं काय आनू?"

शेठ गाडीत सामान भरत होते. ते मोठ्यानं हसले. "चाचा, समुद्राला पलीकडचा काठ नसतो."

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग धरणाकडे. "बिनकाठाचं पानी असतंय व्हय?" असं म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात शंका होती. मग त्यांनी गाठ चाचपली. हाताला अजून काही बांधलेलं नव्हतं. नुसत्या मनगटावर बोटं फिरली.

मी तेव्हा पुन्हा बोलले. "तिथं हाताला बांधू नका चाचा. शेठ गळाच्या काठ्या भाड्यानं घेनार हायेत ना?"

"काठीनं मासा काठीला कळतो. मला कसा कळंल?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, न्हाई बांधत."

चाची गाडीजवळ उभी होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी माझ्या पायरीवर येऊन बसली आणि सवयीनं पलीकडच्या काठाकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशीही ती आली. धरणावर चाचा नाहीत हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. वारा पडलेला होता. पाणी इतकं स्तब्ध की त्याच्याकडे बघवत नव्हतं. बोट निघाली तेव्हा शेठचा फोन आला होता, त्यानंतर रेंज नव्हती. चाची मधूनच पदर डोळ्यांवर धरून लांब बघायची. मी विचारलं, "काय बगता?"

"काय न्हाई. धूर दिसतोय का बगते."

कुठेही धूर नव्हता. तिच्यापुढे मी चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली. ती प्याली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा माझ्या हातून भाकरी तव्यावरच फाटली. माझ्या हातून असं होत नाही. मी तो तुकडा कुत्र्याला घातला आणि दुसरा गोळा घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी, ठरल्याच्या आधीच, शेठची गाडी परत आली. गाडीतून शेठ उतरले, मेकॅनिक उतरला, रसवंतीवाला उतरला. रसवंतीवाल्यानं दार लावलं. चाची पायरीवरून उठली होती, ती तशीच पुन्हा बसली.

काय झालं ते शेठनी मला नंतर सांगितलं. पिठाच्या पोत्यावर बसून, चुलीकडे बघत. गिऱ्हाइकांपुढे ते यावर बोलत नाहीत.

बोटीवर तिघांनाही समुद्र लागला. ओकून ओकून आडवे झाले. चाचांना काहीच झालं नाही. ते बोटीच्या मागच्या टोकाला मांडी घालून बसले आणि सगळ्यांना लिंबू चिरून देत राहिले. समुद्राचं पाणी चाखून म्हणाले, "शेठ, डाळीत मिठाचं पोतं फुटलंय." तेवढ्या त्रासातही सगळे हसले.

बोटीचा तांडेल, म्हणजे चालवणारा मुख्य माणूस, त्यानं पहिल्याच दिवशी चाचांच्या हाताला दोरी पाहिली आणि ओरडला, "बाबा, ती सोडा आधी! हाताला बांधायचं नाही इथं." चाचांनी लगेच सोडली. तांडेलाची पाठ फिरली की पुन्हा दोन वेढे घेतले, दातानं गाठ आवळली. शेठनी पाहिलं. "मला वाटलं, धरनावर इतकी वर्षं बांधतात, त्यांना कळतंय," शेठ म्हणाले.

दुसरा दिवस. दुपार. शेठ म्हणाले, वारा नव्हता, लाट नव्हती, ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं. चाचा टोपी ओढून पडले होते. मनगटाला हिसका बसला आणि ते उठून हसले. दोरी सरळ खाली गेली होती. त्यांनी तिघांनाही बोलावलं नाही. पाय कठड्याला टेकवले, हात पुढे केला आणि थांबले.

मी लाकूड पुढे सारलं.

"अक्का, ते माशाकडं बगत नव्हते. बोटीकडं बगत हुते. मागं वळून बगायचे, फळीवर हात मारायचे. चल की रं, म्हनायचे. चल की. मला वाटलं गंमत करत्यात."

मला सगळं तेव्हा कळलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मी ती उलटली नाही. ते बोट चालायची वाट बघत होते. आयुष्यभर मासा चालला की खालचं पाणी, तराफा, ते स्वतः, सगळं मिळून चाललं होतं. एवढी मोठी लोखंडाच्या इंजिनाची बोट एका माशासाठी कशाला हलेल? ती जागच्या जागी उभी होती. जमिनीसारखी. आणि चाचा माझ्यासारखे, हाताला दावं गुंडाळून तिच्यावर उभे होते.

तांडेल सुरा घेऊन धावला. तो पोचेपर्यंत कठड्यावर नुसती त्यांची टोपी राहिली होती. आवाजसुद्धा फार झाला नाही, शेठ म्हणाले. मासा कुणीच पाहिला नाही. बोटी आल्या, पोलीस आले, खूप शोधलं. काही मिळालं नाही. टोपी शेठनी चाचीला आणून दिली.

चाची रडली ती घरात रडली असेल. माझ्यासमोर तिनं एकच विचारलं, "तिथं काठ न्हाईच का?" मी म्हणाले, "असंल. लांब असंल."

पुढे कालव्याला पाणी सुटलं आणि धरण उतरायला लागलं. दर वर्षी पाणी उतरेल तसा चाचा तराफा खाली ओढून नेत. या वर्षी तो होता तिथंच राहिला. पाणी लांब गेलं आणि तराफा भेगाळलेल्या गाळावर उघडा पडला. पोरं त्याचे तुकडे तोडून नेऊ लागली. एका सकाळी चाची आली आणि म्हणाली, "अक्का, चल गं जरा. उन्हानं त्याचा चुरा व्हईल. पान्यावर तरी राहू दे."

मी चूल सोडून कधी जात नाही. त्या दिवशी गेले. दोघींनी मिळून तराफा ओढला. वजन काहीच नव्हतं, एका हातानंसुद्धा आला असता. गाळात पाय रुतत होते. कडेला पाणी लागलं तसा तो उचलला गेला, हलायला लागला, जिवंत असल्यासारखा. वारा आमच्या पाठीकडून, उगवतीकडे वाहत होता. तराफा पुढे ओढ घ्यायला लागला.

मी चाचीकडे पाहिलं. तराफ्याची दोरी तिनं डाव्या मनगटाला गुंडाळली होती. दोन वेढे. तिला कळलंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं रोज बघून हात आपोआप तसा फिरला होता. ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि पाऊल पुढे टाकत होती.

मी पुढे झाले. पाण्यात शिरले, तिचा हात धरला आणि वेढे सोडवले. पहिला सहज सुटला. दुसरा ओला होऊन आवळला होता, त्याला माझं वाकडं बोट घालावं लागलं. ती बघत राहिली. हात तिनं ओढून घेतला नाही.

दोरी पाण्यात पडली आणि तराफ्यामागे सरकत गेली. चाची हळूच म्हणाली, "चल की रं." तो चाललाच होता, बोरीच्या काठाकडे. आम्ही दोघी मनगटं धरून उभ्या राहिलो, मी तिचं, तिनं माझं.