मोठ्यानं पेपर वाचणारे आबा

आमच्या आबांना पेपर मनातल्या मनात वाचताच येत नसे. डोळे ओळीवर गेले की तोंडातून आवाज आलाच! धरणगावच्या रस्त्याला, आमच्या फाट्यावर, माझं चहाचं हॉटेल. सकाळच्या गाडीनं पेपर आले की आबा बाकावर मांडी ठोकायचे आणि अर्धं गाव बशी तोंडाला लावून ऐकत बसायचं. स्वतः पेपर उघडून बघायची कोणाला गरजच वाटत नसे. आबा होते ना.

बातमीच्या आधी ते जाहिरात वाचत. पहिल्या पानावर एखादा पुढारी वाढदिवसाचे हात जोडून उभा दिसला, की त्याचं नाव ठासून घेत आणि म्हणत, "आज पेपरवालासनी याना घरनं मीठ खायेल शे. आते यानी बातमी जपीसन आयका." हसत हसत सांगत, पण खोटं सांगत नसत.

एरंडोलला सभा झाली की एका पेपरात जनसागर उसळायचा, दुसऱ्यात खुर्च्या रिकाम्या. आबा दोन्ही वाचत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "कोन जायेल व्हतं?" फुकटच्या गाडीत बसून गेलेला एखादा ओशाळून म्हणे, "मी. जेवन व्हई गयं, मंग मानसं निंघी गयात." झालं, तीच खरी बातमी. आमच्या गावाचं मत असं चुलीवर शिजायचं, सावकाश, पण कच्चं राहायचं नाही.

आणि अशा माणसाच्या हातून ते व्हावं! आठवलं की आजही मान खाली जाते.

सरपंचपदाला आबांच्या शेजारच्या अक्का उभ्या होत्या. पाण्याचं काम त्यांनी पदर खोचून मार्गी लावलेलं. आबांचं मतही त्यांनाच होतं. मतदानाच्या आदल्या सकाळी पेपरची गाडी वाटेत बंद पडली. माणसं जमलेली, वाचायला काही नाही, आबा चुळबुळ करत होते. तेवढ्यात कोणीतरी मोबाइल पुढे केला. पडद्यावर पेपरचं कात्रण होतं: अक्कांनी पाणी योजनेचे पैसे खाल्ले, चौकशी लागली. आबांनी वाचलं. त्याच खणखणीत आवाजात, मथळ्यापासून शेवटापर्यंत. कुठल्या पेपरातलं, कोणी पाहिलं, काही काही विचारलं नाही. अहो आबा! वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्का अशी व्हई, असं वाटे नही व्हतं." अक्कांची निवडणूक तिथंच संपली.

अक्का पडल्या. मग कळलं, कात्रण कोणीतरी मोबाइलवरच बनवलं होतं. तसा पेपरच कुठे निघत नव्हता. अक्का हॉटेलात आल्या. मी चहा पुढे केला, त्यांनी हात लावला नाही. "आबा, आपली भिंत एक शे," त्या म्हणाल्या. "माले ईचारं बी नही तुम्ही?" चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आबांना तोंड वर करता येईना, आणि आम्हा ऐकणाऱ्यांना तरी कुठे येत होतं?

दुसऱ्या दिवशी पेपर आले, तेव्हा आबा बाकावर बसले नाहीत, उभे राहिले. "बापहो, मी वाचं ते बठ्ठं खोटं व्हतं." लोक बशीत फुंकर घालत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आबा, निवडनूक व्हई गयी." आबा मग दारोदार हिंडले. घरोघरी चहा मिळाला, मान मिळाला. ऐकून मात्र कोणी घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी पेपर हातात धरला नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "माले लाज वाटस, भो." अक्कांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून ते मागच्या बोळानं यायचे.

थंडीत आबा गेले. सुतक फिटलं, त्या गंधमुक्तीच्या दिवशी अक्का सकाळपासून त्यांच्या अंगणात राबत होत्या, पंगतीला वाढत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघून मला कोपरानं ढोसलं. "हाईच ना ती, पानीना पैसा खानारी?"

मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. म्हटलं, "खोटं होतं ते काका, सगळं खोटं. आबांनी स्वतः तुमच्या दारात येऊन सांगितलं होतं."

"व्हई, भो," म्हातारा घास कालवत शांतपणे म्हणाला. "पन आबानीच वाचेल व्हतं ना ते?"