घडीवाल्या बाईंचं बटण

आमच्या अमरावतीत एका पिढीच्या पत्रिका एका बाईच्या मनगटाकडे बघून मांडल्या गेल्या, आणि ती बाई स्वतः पत्रिका मानत नव्हती. हजेरीपटावर त्यांचं काही नाव असणारच, पण गाव त्यांना घडीवाल्या बाई म्हणायचं. राजापेठेकडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या. मनगट काडीसारखं आणि त्यावर जाडजूड पुरुषी घड्याळ. चावीच्या वर एक आणि खाली एक अशी त्याला दोन बटणं होती. एकोणीसशे पन्नासच्या त्या दशकात असलं घड्याळ आमच्याकडे दुसऱ्या कुणाकडे मी पाहिलं नाही.

ते त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं हौसेनं मुंबईहून मागवलं होतं. कंपनीनं म्हणे मोजकेच नग काढले होते, आणि तबकडी मुद्दाम जुन्या खिशातल्या घड्याळासारखी केली होती. सायीचा रंग, निळे काटे, जुन्या वळणाचे आकडे, पाठीवर कोरलेला नगाचा क्रमांक. व्यापाऱ्याच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा बाईंनी आई आणि मूल दोघांनाही सुखरूप बाहेर काढलं. व्यापाऱ्यानं तिथल्या तिथे मनगटावरून घड्याळ सोडलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. बाई सांगायच्या, "नवी होती, पण तोंड म्हातारं. मी म्हणलं, हे त मह्यावानीच आहे."

कुणी घड्याळाची तारीफ केली की बाई लगेच त्याची गाऱ्हाणी सुरू करायच्या. "लोकं दुरून पाह्यतात. जो बांधते त्याले माहीत." वजन इतकं की संध्याकाळी मनगट ठणकायचं. पाण्याच्या वाफेनं काच आतून धुरकट व्हायची. निळे काटे दिव्याच्या उजेडात दिसायचेच नाहीत. कातडी पट्टा डेटॉलनं तडकला, म्हणून त्यांनी जाड कापडाचा शिवून घेतला होता. आणि ती बटणं! "खालचं लोण्यासारखं आहे. वरचं दाबता दाबता अंगठा मोडते. गावात कोणाले दुरुस्त करता येत नाही, मुंबईले कोण पाठवते? पण एक आहे, चुकून दबन असं कधीच होत नाही."

त्या वरच्या बटणावरच त्यांचं सगळं काम चाले. बाळंतपणाच्या वेळी त्या घड्याळ सोडून खाटेच्या पायथ्याच्या गजाला अडकवत. मूल आलं की एका हातावर मूल आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण. खट् असा आवाज यायचा आणि थांबलेला बारीक काटा पळू लागायचा. मग नाळ, आंघोळ, बाळंतिणीचं सगळं आवरून, हात धुऊन, घड्याळ घेऊन त्या दारात येत. काटा पळायला लागून किती मिनिटं झाली ते एका छोट्या चकतीत दिसे. आताच्या वेळेतून तेवढी मिनिटं वजा करून त्या सगळ्यांसमोर जन्मवेळ सांगत. जोशीबुवासुद्धा त्यावर शंका घेत नसत.

वेळ बदलून मागणारे मात्र पुष्कळ. कुणाला दोन-चार मिनिटं अलीकडे हवी असत, कुणाला पलीकडे. एका वकिलांनी तर फार गोडीत घेऊन बघितलं. बाई खुर्चीत पाय लांबवून बसल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "पाच मिनिटं पाहिजे असन त लेकराले वापस पाठवा वकीलसाहेब, अन् पुन्हा बोलवा." वकिलांनी काढता पाय घेतला. या उत्तराची गावात इतकी चर्चा झाली की घडीवाल्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणू लागले.

बाई नांदगाव खंडेश्वरकडच्या. नागपूरला जाऊन त्यांच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आमच्यासारख्या घरांतल्या बायका प्रसूतिगृहातून घरी गेल्या की डोक्यावरून पाणी घेत, हे त्यांना ठाऊक होतं. "पहिला हात माहाच लागते," त्या म्हणत, "मंग करा किती आंघोळी करता त्या." रागानं नाही, दमलेल्या आवाजात. त्या सदा दमलेल्याच असत. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं, आणि तोंडी एकच पालुपद, "थकली वं माय. यायले जगाले येवाची घाई, मले झोपाची." बसायला मिळालं की पालथ्या बादलीवर पाय ठेवून त्या जराशा पेंगत, आणि आतून कण्हणं आलं की हाक मारायच्या आत उभ्या राहत.

मी अमरावतीची, दिलेली अकोल्याला. मी शाळेत शिकवायची, यजमानही शिक्षक. पण सासरे जोशीपण करायचे आणि घर पंचांगावर चालायचं. त्या घरात माझी नणंद होती. आम्ही त्यांना वन्सं म्हणायचो. वन्सं आश्लेषा नक्षत्रावर जन्मल्या, आणि त्याच वर्षी घरातला थोरला मुलगा तापानं गेला. तेव्हापासून त्या भावाला खाणारी बहीण ठरल्या. त्यातून आश्लेषेची मुलगी सासूच्या मुळावर येते म्हणतात, त्यामुळे सासू हयात असलेल्या कुठल्याच घरानं त्यांना पसंत केलं नाही. पस्तिशीच्या वन्सं माजघरात वाती वळत बसायच्या. त्यांना कुणी टाकून बोलत नसे. फक्त कुणी बाहेरगावी निघालं की त्या आपणहून आत जायच्या. ते आत जाणं मला बघवत नसे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी अमरावतीला आले. कळा सुरू झाल्या त्या दिवशी सासूबाई अकोल्याहून मामंजींचा निरोप घेऊन आल्या होत्या. आज कापसाच्या जिनिंगचा तीनचा भोंगा होईतो पुष्य आहे, त्यानंतर आश्लेषा लागते. पुष्य म्हणजे उत्तमातलं उत्तम. सासूबाई दुष्ट नव्हत्या. एक मुलगा गमावलेली ती बाई होती. आश्लेषेचं मूल बापालाही भोवतं म्हणतात, म्हणून दुसऱ्या मुलासाठी, माझ्या यजमानांसाठी, तिचा जीव टांगणीला लागला होता. त्या दाराबाहेर बाकावर माळ घेऊन बसल्या, शेजारी माझी आई.

आत मी बाईंना वन्सं कोण ते सांगत होते. कळांच्या मधल्या वेळात, तुटक तुटक. मुलगी झाली आणि भोंग्यानंतर झाली तर ती दुसरी वन्सं होईल, असं मी रडत म्हटलं. बाईंनी माझ्या कपाळावरचा घाम पुसला. "मी हे मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमी मानता न, तेच त भेव आहे."

दुपार पुढे सरकत होती आणि मूल अडून बसलं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं की बाई ओरडत, "तिकडं काहून पाह्यते? इकडं ध्यान दे." मग एकदा त्या सरळ झाल्या. पदराला अंगठा पुसला, पायथ्याच्या गजाशी गेल्या आणि सगळा जोर लावून वरचं बटण दाबलं. खट्. मूल अजून आलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, अजून तर..."

"चूप. जोर लाव."

मग भोंगा झाला. लांबलचक, सगळ्या गावावरून गेला. त्यानंतर काही वेळानं माझी कुंदा आली आणि मोकळ्या गळ्यानं रडली.

बाई हात धुऊन घड्याळ घेऊन दारात गेल्या. माझी खाट दारासमोरच होती, मला सगळं ऐकू येत होतं. सासूबाई पुढे झाल्या. "बाई, रडणं तर भोंग्यानंतर ऐकलं आम्ही."

"रडणं उशिराच येते आजी. जन्म आधी होते," बाई म्हणाल्या. "नाळ गळ्याभोवती होती, रडवता रडवता येळ लागला. हे पाहा, काटा काय सांगते. तुमीच वजा करा." सासूबाईंनी बोटांवर मोजलं. भोंग्याच्या आधीची वेळ निघाली. घडीवाल्या बाईंनी सांगितलेली वेळ, मग प्रश्नच मिटला. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी मुलीला छातीशी धरलं. बाई पालथ्या बादलीवर पाय ठेवून बसल्या होत्या, डोळे मिटून.

कुंदा चालायला लागली त्या वर्षी माझ्या यजमानांना टायफॉइड झाला. अकोल्यातले दोन डॉक्टर झाले, उपयोग झाला नाही. तेराव्यानंतर जमलेल्या बायकांपैकी एकीनं कुंदाकडे बघत विचारलं, मुलीचं नक्षत्र कोणतं? सासूबाई रडून रडून विझल्या होत्या, पण तडक उठल्या. "पुष्य," म्हणाल्या. "माझ्या नातीचं पुष्य आहे. तिच्याकडे बघायचं नाही कुणी." आणि त्यांनी तिला मांडीवर घेतलं. कोपऱ्यात वन्सं होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग कितीतरी वेळ मुलीकडे बघत राहिल्या.

पुढच्या सुट्टीत मी कुंदाला घेऊन बाईंना भेटायला गेले. त्यांनी काम सोडलं होतं आणि बडनेऱ्याला रेल्वेत असलेल्या भाच्याकडे राहत होत्या. खाटेवर पाय लांब करून पडलेल्या, घड्याळ उशाशी. मी काय घडलं ते सांगितलं, पण खरं मला दुसरंच विचारायचं होतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. मी म्हटलं, "बाई, भोंगा झाला तेव्हा ही..."

"टायफॉइड पत्रिका पाहून येत नाही," त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "पाणी पाहून येते. पाणी उकळून देत जा पोरीले." मग कुंदाला जवळ ओढून त्यांनी तिचा दंड दाबून पाहिला. "जेवते का पोटभर? नुसतीच हाडं दिसून राहिली."

निघताना मला राहवलं नाही. "बाई, त्या दिवशी बटण तुम्ही आधीच दाबलं होतं."

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी कायले दाबन? ढिलं झालं होतं ते. हात लागला का आपोआप दबे."

मी उशाजवळचं घड्याळ उचललं. त्यांनी अडवलं नाही. वरच्या बटणावर अंगठा ठेवून दाबलं, मग दुसराही अंगठा लावला. नखं पांढरी पडली, पण बटण जागचं हललं नाही.